डाव्या डोळ्याचा थेंब

गेणूच्या मुलाची, आदिनाथची, थोरली प्रेरणा सुदुंबऱ्याला दिली ते दोन हजार चोवीस साल. लग्न चैत्रात झालं. मांडव मोठा होता, माणूस मावत नव्हतं. पण भुशीत आजही कुणी गेणूपाशी त्या वर्षाचा विषय काढला, तर तो मांडवाचं सांगत नाही, पंगतीचं सांगत नाही. तो म्हणतो, "त्या साली मुक्ताचा डोळा गेला."

गेणूनं लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढली. कढईतला गुळाचा पाक दाण्यांसकट तूप लावलेल्या पाटावर ओतायचा, तो निवायच्या आत लाटण्यानं सारखा करायचा, आणि कडेनं ओघळून बाहेर जाईल तो अंगठ्यानं निपटून परत आत घ्यायचा. पाक उकळता असतो. नव्या माणसाची बोटं पहिल्या आठवड्यात फोडांनी भरून जातात. गेणूचा अंगठा अडतीस वर्षांत असा झाला होता की त्याला चटका कळत नव्हता, मऊ कळत नव्हतं, ओलं कळत नव्हतं. मालक नव्या पोरांना म्हणायचा, "गेणूभाऊचा पाट बघा. एक थेंब खाली सापडला तर मला सांगा."

मुक्ताबाई, त्याची बायको, पावसाळ्याचे चार महिने भुशी धरणाच्या रस्त्यावर शेगडी मांडून कणसं भाजायची. शेजारी वरच्या ठाकरवाडीची चिंगी बसायची. दोघींची तीस वर्षांची जोडी. गिऱ्हाईक नसलं की एकमेकींच्या सुनांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या आणि गिऱ्हाईक आलं की एकमेकींचं कणीस चांगलं म्हणून सांगायच्या. मुक्ताबाई चौथी शिकलेली. गेणूला अक्षर येत नव्हतं. कारखाना सुटल्यावर, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, तो तिच्या शेगडीशेजारी बसायला लागला आणि तिनं त्याला कोळशानं पुठ्ठ्यावर गिरवायला लावलं. चिंगी हसून हसून आडवी व्हायची. "भाऊ, छडी खाताय का न्हाई? तुमची बाय लय कडक हाय." गेणू म्हणायचा, "रोज खातूय." वर्षाभरात तो पेपरातलं मोठं अक्षर वाचू लागला. लहान अक्षर मुक्ताबाई वाचून दाखवायची.

एक दिवस तिनं चहा कपात ओतला तो कपाच्या बाहेर गेला. पुन्हा ओतला, पुन्हा बाहेर. आदिनाथनं तिला गाडीत घालून तळेगावला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. उजवा डोळा जवळजवळ संपलाय. डाव्यात थोडं शिल्लक आहे.

"जे गेलं ते कुणालाच परत आणता यायचं नाही, आजोबा," डॉक्टर गेणूकडं बघून म्हणाले. "राहिलंय ते टिकवायचं. रोज संध्याकाळी डाव्या डोळ्यात एक थेंब. जन्मभर. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही."

मुक्ताबाईचा हात थरथरायचा, म्हणून थेंब घालायचं काम गेणूनं घेतलं. देवापुढं दिवा लागला की ती ओसरीत भिंतीला टेकून बसायची, मान वर करायची. तो डाव्या हातानं खालची पापणी ओढायचा आणि उजव्या हातानं बाटली दाबायचा. थेंब पडला की ती "स्स" करायची. औषध झोंबायचं. बाटली दाबायला त्याचा हात जड, त्यामुळं एकाच्या जागी दोन थेंब पडायचे, कधी तीन. जादाचं डोळ्यातून ओघळून गालाकडं निघायचं. मग गेणू अडतीस वर्षं करत आला तेच करायचा. ओघळलेलं अंगठ्यानं गोळा करायचा आणि डोळ्याभोवती, पापणीवर, खालच्या खळग्यात चोळून जिरवायचा. एवढं चांगलं औषध गालावरून खाली कशाला जाऊ द्यायचं? बाहेरून जिरलं तरी डोळ्यालाच लागेल, असा त्याचा हिशोब. मुक्ताबाई डोळे मिटून बसायची. "तुमचा अंगठा म्हंजे पायताण हाय," ती म्हणायची, पण मान काढून घ्यायची नाही.

दोन वर्षं असं चाललं. एकही दिवस खाडा नाही. आजारी असताना नाही, गावची जत्रा असताना नाही.

त्या दोन वर्षांत डाव्या डोळ्याभोवतीची कातडी हळूहळू काळी पडली. आधी उन्हानं रापल्यासारखी, मग काजळी धरल्यासारखी. त्या डोळ्याच्या पापण्यांचे केस लांब झाले, वासराच्या असतात तसे, आणि वाकडेतिकडे वाढले. डोळ्याभोवतीचं मांस आटलं, डोळा आत गेला, वरची पापणी खोबणीत ओढल्यासारखी दिसू लागली. उजवी बाजू मात्र होती तशीच. एका तोंडावर दोन बायकांचे डोळे बसवल्यासारखं दिसायचं. घरच्यांना रोजच्या बघण्यानं ते जाणवलं नाही. तपासणीला गेलं की डॉक्टर यंत्रातून दाब बघायचे, "छान आहे, चालू ठेवा" म्हणायचे, आणि बाहेर पुढची वीस माणसं उभी असायची.

जाणवलं ते मार्गशीर्षात, प्रेरणाच्या साखरपुड्याला. सुदुंबऱ्याची पाहुणे मंडळी आली होती. बायकांची ओटी भरणं चाललं होतं. नवऱ्या मुलाची आत्या तोंडाची मोकळी. ती मुक्ताबाईला कुंकू लावायला वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, आजींनी एकाच डोळ्यात काजाळ घातलंय! लय घाई झाली वाटतं नातीच्या सुपारीची."

सगळ्या हसल्या. मुक्ताबाईही हसली. म्हणाली, "दुसरा डोळा तुमच्यासाठी ठिवलाय, तुमी घाला."

पण आत्याबाईनं मग नीट बघितलं आणि तिचं हसू गेलं. मागं सरकून ती शेजारणीच्या कानाशी लागली. कानाशी लागली तरी आवाज खाली येणारी ती बाई नव्हती. "डोळा बघ कसा खोल गेलाय. काय बाहेरचं तर न्हाई ना? घाण्याला हात कुणाचा लावत्यात ह्यांच्यात? आमच्याकडं धडधाकट सवाष्णीचाच लागतो."

लग्नाआधी पाच सवाष्णी मिळून जात्यावर हळद दळतात, त्याला घाणा भरणं म्हणतात. भुशीत गेली चाळीस वर्षं कुणाच्याही घरचा घाणा असो, जात्याच्या खुंट्याला पहिला हात मुक्ताबाईचा लागायचा आणि पहिली ओवी तिची असायची. दुसरीच्या गळ्यातून सुरू झालेली हळद भुशीच्या बायकांना अळणी वाटायची.

पाहुणे गेल्यावर मुक्ताबाई सुनेला, सारिकाला, म्हणाली, "घाण्याला पयला हात तुझ्या आईचा लाव. मी मागं बसंन."

"का वं आत्या? तुमी असताना?"

"लाव म्हनलं ना. पोरीच्या सासरच्यांची मनं कशाला खट्टू करायची?"

मग ती आत गेली आणि प्रेरणाच्या आरशासमोर, डोळा काचेला जवळजवळ टेकवून, किती तरी वेळ उभी राहिली. गेणू दारातून बघत होता. तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि डोळ्याखालचं काळं पुसायला लागली. ते पुसण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी औषधाची बाटली आणायच्या निमित्तानं गेणू एकटाच तळेगावला गेला. डॉक्टर नव्हते. नर्सबाई होती, बोलायला चांगली. गेणूनं विचारलं, "बाई, त्या औषधानं डोळा काळा पडतो का?"

"पडतो की, बाबा. काही जणांना होतं. कातडी काळी होते, पापण्या वाढतात, डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळा आत गेल्यासारखा दिसतो. एकच थेंब घालताय ना? आणि बाहेर आलेलं लगेच पुसता ना कापसानं?"

गेणू आपल्या अंगठ्याकडं बघू लागला.

"चोळायचं नाही हं. कातडीला जितकं लागेल तितकं जास्त काळं होतं."

गेणूनं आपला उजवा हात धोतराच्या सोग्यात घातला. "बंद केलं तर जातं का ते काळं?"

"बरंचसं जातं, काही महिन्यांत. पण बंद करायचं नाही," नर्सबाईनं बोट उगारलं. "अजिबात नाही. दाब वाढला तर नजर जाईल आणि गेलेली नजर परत येत नाही. आजींना घेऊन या, डॉक्टर दुसरं औषध बघतील. पुढच्या मंगळवारी आणा."

पुढचा मंगळवार आला. मुक्ताबाईला घेऊन जायचं, तर तिच्यासमोर डॉक्टर विचारणार, चोळत होता का? आणि मग तिला कळणार की तिचं तोंड काजळीचं झालं ते औषधानं कमी आणि नवऱ्याच्या अंगठ्यानं जास्त. गेणूला ते सोसेना. त्यानं मंगळवार जाऊ दिला. त्याच्या मनानं वेगळंच घेतलं. लग्नाला चार महिने आहेत. चार महिने डोळ्याला विसावा दिला तर काळं उतरेल. घाण्याला तिचा हात लागेल. मग लग्न झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा औषध सुरू. दोन वर्षं इमानानं घातलंय, त्याचा काही साठा आत झाला असेलच की. चार महिन्यांनी काय होतंय?

त्यानं एक रिकामी बाटली उकळून घेतली. पाणी उकळून, निववून, फडक्यातून गाळून तिच्यात भरलं. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून तिच्या गळ्याला लाल दोरा बांधला. खऱ्या औषधाची बाटली कपाटात घोंगडीच्या घडीत ठेवली. संध्याकाळी दिवा लागला, मुक्ताबाई भिंतीला टेकून बसली, मान वर केली, आणि त्यानं तिच्या डोळ्यात पाण्याचा थेंब सोडला.

ती "स्स" म्हणाली नाही.

"आज झोंबलं न्हाई," ती म्हणाली.

"सवय झाली आसंल," गेणू म्हणाला.

त्यानं अंगठा लावला नाही. कापसानं पुसून घेतलं. तिनं डोळे मिटूनच विचारलं, "हात का आखडला?"

"नर्सबाईनं सांगितलंय, कापूस वापरा म्हणून," तो म्हणाला. त्या चार महिन्यांत खरं असं हे एवढंच तो बोलला.

काळं उतरायला लागलं. आधी कडेकडेनं, मग खळग्यातलं. चैत्र लागेपर्यंत लांबून बघणाऱ्याला कळणार नाही इतकं उतरलं. डोळाही जरा वर आल्यासारखा झाला. चिंगी शिमग्याला आली तेव्हा तिनं मुक्ताबाईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "ये, तू तर नवरी दिसायला लागलीस. भाऊंनी दुसरी आणली का काय वाटलं मला." मुक्ताबाई लाजली. सत्तरीला टेकलेली बाई लाजते तेव्हा बघणाऱ्यानं मान खाली घालावी. गेणूनं घातली.

घाण्याच्या दिवशी सारिकाच्या आईनं स्वतः मुक्ताबाईचा हात धरून जात्याशी बसवलं. सुदुंबऱ्याची आत्याबाई समोरच होती. तिनं मुक्ताबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि काही बोलली नाही. मुक्ताबाईनं खुंट्याला हात घातला. हात आधी हवेत गेला, खुंटा चुकला. दुसऱ्यांदा सापडला. बायकांना वाटलं, म्हातारपण. तिनं ओवी घेतली आणि आवाज असा लागला की मांडवात खुर्च्या लावणारी माणसं थांबली. गेणू बाहेर उभा राहून ऐकत होता. आपण केलं ते बरं केलं, असं त्याला त्या वेळी वाटलं. पुढं त्यानं कुणाला काही सांगितलं तरी हे मात्र तो लपवत नाही. त्याला वाटलं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं लाल दोऱ्याची बाटली परड्यात ओतून फेकून दिली आणि खरं औषध काढलं. ती "स्स" म्हणाली. "आज परत झोंबलं बाई," म्हणाली. त्यानं ओघळ कापसानं पुसून घेतला.

पंधरा दिवसांनी मुक्ताबाई ओसरीची पायरी चुकून पडली. मग पेपरातलं मोठं अक्षरही तिला दिसेना. "मधलं दिसतंय, कडंचं सगळं धुक्यात हाय," ती म्हणाली, "खंडाळ्याच्या घाटावानी." जूनमध्ये आदिनाथनं तिला तळेगावला नेलं. यंत्रातून बघून डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. दाब खूप वाढलाय, म्हणाले. नसेत आता फार काही उरलेलं नाही. त्यांनी विचारलं, "औषध नियमित चालू होतं ना?"

गेणू शेजारी उभा होता. त्यानं तोंड उघडलं.

"यांनी एक दिस चुकवला न्हाई, डॉक्टर," मुक्ताबाई म्हणाली. "दोन वरसं झाली. पाऊस आसू, पावना आसू, दिवा लागला की ह्ये बाटली घिऊन हजर."

डॉक्टरांनी मान हलवली. "मग कधी कधी होतं असं," ते म्हणाले. "आजोबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." त्यांनी आणखी एक औषध जोडून दिलं.

गेणूनं तोंड मिटलं. आदिनाथनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याला विटेसारखा लागला.

दिवाळीपर्यंत सगळं मिटलं. उजेड आहे की अंधार एवढंच तिला कळायचं. ती ओसरीत बसून शेंगा फोडायची, लसूण सोलायची. गेणू तिला पेपर वाचून दाखवायचा. लहान अक्षरावर अडला की ती म्हणायची, "अक्षर कसलं हाय सांगा, मी सांगते." आलेल्या गेलेल्याला ती सांगायची, "नवरा आसावा तर आसा. एक दिस चुकवला न्हाई. माझ्याच नशिबात न्हवतं." गेणू उठून परड्यात जायचा. किती तरी वेळा त्यानं ठरवलं, आज सांगायचं. दिवा लागायचा, ती मान वर करायची, आणि त्याच्यानं सांगवत नसे.

पुढच्या माघात चिंगी आली. ओसरीत बसली आणि कमरेच्या पिशवीतून एक लहानशी बाटली काढून मुक्ताबाईच्या हातात दिली. "बघ, मला बी तेच झालंय. काचबिंदू. सरकारी दवाखान्यात सांगितलं. रोज थेंब घाल म्हनले."

मुक्ताबाईनं बाटली बोटांनी चाचपली आणि परत दिली. "नगं घालू," ती म्हणाली. "काय उपेग न्हाई चिंगे. मी दोन वरसांवर घातलं. एक दिस चुकवला न्हाई. डोळा काळा झाला, पार आत गेला, आन् शेवटी जायचा तो गेलाच. उगा तोंडाची माती करून घिऊ नगंस. ऱ्हाईल तवर ऱ्हाईल."

चिंगीनं बाटलीकडं बघितलं. "मला बी तसंच वाटत व्हतं," ती म्हणाली. "तू येवढं करून बी तुझा डोळा गेला, तर माझं काय." आणि ती बाटली तिनं ओसरीच्या कडेला ठेवून दिली, परत न न्यायची वस्तू ठेवावी तशी.

गेणू दाराशी बसून चपलेचा अंगठा शिवत होता. त्यानं सुई खाली ठेवली.

"चिंगे, ती बाटली उचल," तो म्हणाला. "मुक्ताचा डोळा औषधानं गेला न्हाई. औषध नव्हतं म्हनून गेला. लग्नाच्या आधी चार म्हैने मी तिच्या डोळ्यात पानी घातलं."

सारिका आत भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. मग त्यानं सगळं सांगितलं. अंगठ्याचं, नर्सबाईचं, मंगळवारचं, लाल दोऱ्याचं. काही ठेवलं नाही. चिंगीनं बाटली उचलली, पिशवीत घातली. जाताना तिनं मुक्ताबाईच्या गुडघ्याला हात लावला. गेणूकडं तिनं बघितलं नाही.

मुक्ताबाईच्या हातात अर्धा सोललेला लसूण होता. तो तिनं पूर्ण सोलला. मग म्हणाली, "म्हंजे झोंबायचं थांबलं ते..."

"व्हय."

"मला इचारायचं व्हतं."

"तुला वाईट वाटलं आसतं."

"वाटलं आसतं. मला वाटलं आसतं ना. डोळा माझा व्हता," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "काळा ऱ्हायला आसता तर ऱ्हायला आसता. मी काय नवरी व्हते का? मागं बसून वव्या म्हनल्या आसत्या. ह्या बोडक्या डोळ्यानं नातीचं पोर बघितलं आसतं." थोड्या वेळानं ती पुन्हा बोलली, जरा खाली मान घालून, "जात्याला हात लागला तवा मला लय बरं वाटलं व्हतं. ते बी खोटं न्हाई. म्हनून तर जास्त राग येतोय."

त्या संध्याकाळी दिवा लागला. गेणू बाटली घेऊन आला. नजर गेली तरी दाबानं डोळा ठणकू नये म्हणून औषध चालूच होतं. मुक्ताबाईनं मान वर केली नाही. "सारिका," तिनं हाक मारली, "उद्यापास्नं थेंब तू घालत जा. आजबी तूच घाल." सारिकानं सासऱ्याकडं बघितलं. त्यानं बाटली तिच्या हातात दिली आणि बाहेर जाऊन बसला.

माघ गेला, शिमगा गेला, पावसाळा आला. ती त्याच्याशी बोलायची. जेवलात का, पेपर वाचा, पाऊस आत येतोय दार लावा. पण थेंब सारिकाच घालायची. चिंगी धरणाच्या रस्त्यावर एकटीच शेगडी मांडून बसली. जाता येता गेणू तिला विचारायचा, "घातला का?" ती म्हणायची, "घातला, भाऊ." दुसरं काही नाही.

भाद्रपदात प्रेरणा महिनाभराचं बाळ घेऊन गौरीसाठी माहेरी आली. मुक्ताबाईनं बाळाचं तोंड बोटांनी बघितलं. कपाळ, नाक, ओठ, आणि डोळ्यांपाशी बोट आणून ते तसंच थांबवलं, टेकवलं नाही. त्याच आठवड्यात तिला ताप भरला. छातीत कफ झाला. आदिनाथ लोणावळ्याच्या डॉक्टरांना घरी घेऊन आला, त्यांनी इंजेक्शनं दिली, दवाखान्यात हलवा म्हणाले. तिनं गौरी उठेपर्यंत नाही म्हणून सांगितलं.

गौरी उठल्या त्या संध्याकाळी दिवा लागला. सारिका बाटली घेऊन आली. मुक्ताबाई म्हणाली, "त्यांना दे."

गेणू आला. एकच थेंब पडावा म्हणून त्यानं बाटली जपून दाबली, तरी दोन पडले. ती "स्स" म्हणाली. थेंब डोळ्यातून निघून कानाकडं चालला. त्यानं कापूस उचलला.

"पुसू नगा," ती म्हणाली. "जिरवा. पयल्यावानी."

"काळं व्हतंय त्यानं."

"व्हऊ द्या."

त्यानं कापूस खाली ठेवला आणि अंगठा लावला. त्याला ओलं कळलं नाही, मऊ कळलं नाही. तो हळूहळू फिरवत राहिला आणि ती मान काढून न घेता पडून राहिली. पायताण, असं काहीसं ती पुटपुटली, पण ते नीट ऐकू आलं नाही आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मुक्ताबाई गेणू दळवी दुसऱ्या दिवशी सकाळी, बुधवारी, तीन सप्टेंबर दोन हजार पंचवीसला, भुशीतल्या घरी वारली. तिचं वय एकाहत्तर होतं.